तिसरा पेड

गोदावरीला वडिलांचे हात आठवत. चेहरा आठवत नसे.

यात कुणाचा दोष नव्हता, बसण्याची रीतच तशी होती. सकाळी न्हाणं झालं की ती ओटीवर पाटावर बसायची. समोर विहिरीवरचा रहाट कुरकुरत फिरायचा, पोफळींच्या बुंध्यांशी पाणी झुळझुळत जायचं आणि वडील मागं बसायचे. मागून हात यायचे. खोबरेल लावलेले, लांब बोटांचे, बाईमाणसालाही जमू नयेत इतके हलके हात. केसांचे तीन भाग व्हायचे आणि हातांबरोबर आवाज यायचा, जरा घोगरा, दमलेला, पण सुराला पक्का:

पहिला पेड गं, माझ्या माहेरच्या वाटेला
दुसरा पेड गं, सासरी पाण्याच्या काठाला
तिसरा पेड गं, माझा मलाच ठावा
दोघांच्या गं मधी, त्याला लपवून न्यावा

ओवी संपायची तिथं वेणी संपायची. मग वडील तिच्या मानेवर हलकीशी फुंकर घालायचे, सुटे केस उडून जावेत म्हणून. मानेवरून पाठीत गारसर शिरशिरी उतरायची. "उठा, राणीसरकार," ते म्हणायचे आणि राणीसरकार उठून जी धूम ठोकायच्या ती थेट चाफ्याखाली. मागं वळून कोण बघतंय? बाप काय, उद्याही असणारच की मागं बसलेला.

ती सात वर्षांची असताना ते गेले. तापाचं निमित्त झालं. घरात त्यांची तसबीर नव्हती. चौलाच्या अलीकडची ही चाफेपाखाडीची वस्ती समुद्राला इतकी लागून, की भिंतीवर टांगलेलं काहीही दोनतीन पावसाळ्यांत बुरशीच्या पोटात जातं. हात राहिले, आवाज राहिला, ती फुंकर राहिली. चेहऱ्याच्या जागी मात्र दिवसा चंद्र दिसतो तसं काहीतरी, बघायला जावं तर विरून जाणारं.

वडिलांच्याच वाडीत संसार करून आता गोदावरीची ऐंशी उलटली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं डॉक्टर पुढं ढकलत होते. तिची इच्छा म्हणाल तर एवढीच उरली होती, डोळे आहेत तोवर वडिलांचा चेहरा एकदा बघावा. ती हे कुणाला बोलून दाखवत नसे, कारण बोलली असती तर लोक हसले असते. चेहरा बघावा? अहो, चेहरा तर गावाच्या वाचनालयात भिंतीवर होता. तिच्याच घराच्या दारात लागलेल्या फलकावरही होता.

तो फलक सुनेनं, मधुवंतीनं, लावला होता. वाडीत तिनं मुंबईच्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या, त्यांना नाव दिलं होतं 'राजा हरेश्वर कॉटेजेस'. नावाशेजारी फेटा, गलमिशा आणि पिळदार मिशी असलेला चेहरा. शनिवारी येणारे पाहुणे त्या मिशीशेजारी उभे राहून फोटो काढायचे.

गोदावरी येताजाता त्या मिशीकडं बघायची. बघून मनात काही हलायचं नाही. 'आपलंच काळीज कोरडं,' असं म्हणून ती पुढं जायची.

हरेश्वर राऊत हे नाव एके काळी मोठं होतं, असं सगळेच सांगत. तो अकरा वर्षांचा पोर असताना रेवदंड्याच्या धक्क्यावर एक नाटक कंपनी उतरली. कंपनीचे मालक वाडीत शहाळं प्यायला आले, तर रहाटामागून गाणं ऐकू आलं. बैलामागं फिरणारा पोरगा गात होता. मालकांच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं म्हणतात. पोरगा कंपनीबरोबर गेला तो वीस वर्षं भटकत राहिला. सांगली, हुबळी, इंदूर, नागपूर. आधी नायिकेची सखी, मग नायिका. त्याचा पदर बघून बायका घरी जाऊन आरशापुढं पदर घ्यायला शिकायच्या. मग मुक्या सिनेमाचे दिवस आले. मुंबईत काचेच्या छपराखाली उन्हात चित्रं घ्यायचे, तिथं त्याला बोलावणं आलं. तिथल्या कामाचं कुणी काही नीट सांगत नसे. 'राजाचं काम केलं' एवढं मात्र गावात रुजलं होतं. मिसरूड फुटल्यावर गडी आणखी कशाचं काम करणार?

पुढं सिनेमा बोलू लागला, बायका बायकांची कामं करू लागल्या, कंपन्या बसल्या. हरेश्वर ट्रंक घेऊन परत आला, उशिरा लग्न केलं आणि रहाट धरला. कधी कुरकुर केली नाही. फक्त पाखाडीत लग्न निघालं की नवरीला शालू नेसवायला त्याला बोलावणं असायचं. तो नेसवायचा आणि नवरीची आई डोळे पुसत म्हणायची, "हरेश्वरा, देवी दिसती रे पोर."

पण हे आठवणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. जन्मशताब्दी आली तेव्हा गावाला हरेश्वराचं मोठेपण तेवढं माहीत होतं, माणूस कुणालाच माहीत नव्हता. वाचनालयाचे चिटणीस तेव्हा देवव्रत होते. बँकेत नोकरी, गावच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढं. ते चार जणांना घेऊन घरी आले.

"काकी, काकांचा एखादा फोटो असंल तर द्या. मोठा करून लावू."

गोदावरीची आई, कृष्णाबाई, तेव्हा हयात होती. ती आत गेली आणि ट्रंकेच्या तळातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक फोटो घेऊन आली. सिनेमातला होता. राजा उभा आणि त्याच्या डाव्या अंगाला राणी.

कृष्णाबाईनं फोटो पुढं केला आणि म्हणाली, "हे आमचे."

नवऱ्याचं नाव ती जन्मात घेणारी नव्हती. 'हे' म्हणजे हे. देवव्रतांनी राजावर बोट ठेवलं. "वा! काय रुबाब! हेच ना, काकी?"

कृष्णाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे गदगद हलू लागले.

"रडू नका, काकी," देवव्रत समजावू लागले. "गोदाताई, पाणी आणा बघू."

मग फोटो अलिबागला गेला. 'ही नटी कशाला स्मारकात?' म्हणून राणीला कापून एकट्या राजाची तसबीर मोठी करून आणली. मूळ फोटो त्या धांदलीत कुठं गेला तो गेलाच. अनावरणाच्या दिवशी सगळं गाव उभं राहिलं, कृष्णाबाईला पुढं आणलं, हातात हार दिला. तिनं तो गोदावरीच्या हातात ठेवला.

"तू घाल गो. माझ्यानं व्हायचं न्हाय. चारचौघांत बरं दिसत न्हाय ते."

पुढं दर वर्षी तेच. हार गोदावरीनं घालायचा आणि आईनं पदर तोंडाला लावून मागं उभं राहायचं. गोदावरीला वाटे, भटक्या नवऱ्यावरचा रुसवा अजून गेलेला दिसत नाही. पहिल्या वर्षी हार घालताना तिच्या मनात एक वेडा विचार आला होता. वडिलांनी कितीदा गालाला गाल लावला असेल, पण मिशी टोचल्याचं काही आठवत नाही. विचार आला तसा तिनं तो झटकला. तसबीर खोटी कशी असेल? आईनं दिलेली.

यंदा वाचनालयाची नवी इमारत झाली. देवव्रत आता निवृत्त होऊन अध्यक्ष झाले होते आणि त्यांच्या मनात दारापुढं हरेश्वराचा अर्धपुतळा बसवायचा होता. पेणला सदा मूर्तिकाराकडं मातीचा नमुना तयारही झाला होता, त्याच तसबिरीवरून. गोदावरीनं जाऊन एकदा 'होय' म्हणायचं, मग ओतकामाला जायचा.

त्याच सुमारास नातीचा, इराचा, फोन आला. इरा मुंबईत सिनेमांच्या संकलनाचं काम करी.

"आजी, बसलीयस ना? पणजोबांची फिल्म सापडली. पूर्ण नाही, तुकडाच. बाहेरदेशी एका संग्रहात डबा पडला होता. डब्यावर नाव आहे त्यांचं, कुमार हरेश्वर. मी कॉपी घेऊन येतेय."

गोदावरी फोन घेऊन ओटीवर टेकली.

"आजी? हॅलो?"

"हलतील का गो ते? त्यात?"

"अगं, सिनेमाच तो. हलणार म्हणजे काय!"

रविवारी तिसऱ्या प्रहरी वाचनालयाच्या जुन्या खोलीत खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या आणि भिंतीवर धुतलेली चादर ताणली. अर्धी पाखाडी लोटली. गोदावरीला पहिल्या रांगेत, तसबिरीच्या बरोबर खाली खुर्ची दिली. इरानं लॅपटॉप जोडला. "आवाज नाहीये हं, कुणी शोधू नका," ती म्हणाली. "मुका सिनेमा आहे."

"मुका तर मुका. आमच्या ह्यांच्यापेक्षा बराच असंल," मागून कुणीतरी बाई म्हणाली आणि हशा पिकला.

चादरीवर आधी पाऊस पडल्यासारख्या रेघा आल्या. मग एक महाल. पडद्यावर रंगवलेले खांब वाऱ्यानं हलत होते. आणि फेटा, गलमिशा, पिळदार मिशी घेऊन राजा आत आला.

"आले, आले! काका आले!" देवव्रत उभेच राहिले. टाळ्या कडाडल्या. कुणी शिटीही मारली.

गोदावरी डोळे ताणून बघत होती. राजा चालला, थांबला, तलवारीवर हात ठेवला. चांगला उमदा माणूस. तिनं आत कुठंतरी चाहूल घेतली. काहीच नाही. एखादा पाहुणा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरावा आणि घरच्यांनी 'बसा' म्हणावं, तसं तिला झालं. एवढ्यासाठी का डोळे राखले?

राजा निघून गेला. आता राणी दिसली. लेकीला सासरी पाठवायचा दिवस असावा, कारण दासी पेटारे उचलत होत्या. राणीनं लेकीला समोर पाटावर बसवलं, स्वतः मागं बसली आणि तिचे केस सोडले.

केसांचे तीन भाग झाले.

गोदावरीनं खुर्चीचा हात धरला. राणीचे हात चालले होते. लांब बोटं, हलकी. पेडावर पेड पडत होता आणि राणीचे ओठ हलत होते. सिनेमा मुका, ओठ हलत होते, आणि त्या ओठांवर काय आहे हे त्या भरल्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं.

"पहिला पेड गं, माझ्या माहेरच्या वाटेला..."

आवाज कुठून आला म्हणून लोक इकडंतिकडं बघू लागले. गोदावरी म्हणत होती. म्हातारा, जरा घोगरा, पण सुराला पक्का आवाज. दुसरी ओळ आली, तिसरी आली. चादरीवरचे ओठ आणि खुर्चीतले ओठ एकाच वेळी उघडत होते, एकाच वेळी मिटत होते. 'लपवून न्यावा' म्हणताना राणीनं वेणीचं टोक बांधलं, पुढं वाकली आणि लेकीच्या मानेवर हलकीशी फुंकर घातली.

गोदावरीचा हात आपोआप मानेवर गेला.

मग राणीनं मान वर केली आणि समोर पाहिलं. मोठे शांत डोळे, हनुवटीत जरा खळी, हसावं की रडावं अशा काठावर थांबलेलं तोंड. तो चेहरा एखाद्या ताटाचं वाढणं व्हावं इतका वेळ राहिला असेल नसेल, पुन्हा पाऊस पडला आणि चादर पांढरी झाली.

कुणी सतरंजी काढायला उठेना.

"इरा," गोदावरी म्हणाली, "तो तोंडाचा भाग परत लाव गो. तुझा पणजोबा बघू दे मला."

इरानं लावला. चेहरा थांबवून ठेवला. गोदावरी खुर्चीतून उठली, चादरीपाशी गेली आणि बघत राहिली. तिची सावली चेहऱ्यावर पडू लागली तशी ती अदबीनं बाजूला सरकली.

देवव्रत एकदा चादरीकडं बघत होते, एकदा तसबिरीकडं. "गोदाताई... मग हा कोण?"

"मला काय ठाऊक? तुम्हीच आणलाय त्याला."

"एवढी वर्षं आपण हार..."

"परक्या माणसाला घातला. म्हणजे मी घातला," गोदावरी म्हणाली. आणि बोलता बोलता थांबली. तिला ट्रंकेशी उभी असलेली आई दिसली. 'हे आमचे'. देवव्रतांचं राजावर टेकलेलं बोट. तोंडाला लागलेला पदर, गदगदणारे खांदे. मग पुढ्यातला हार लेकीच्या हातात देणारी आई. चारचौघांत बरं दिसत न्हाय ते.

"देवव्रता," ती हळूच म्हणाली, "आई तेव्हा रडत नव्हती रे."

"अं?"

"हसत होती! तू माझ्याकडून पाणी मागवलंस तिच्यासाठी!"

आणि गोदावरीलाही हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे काही ऐकेनात. इरा हसली, मग मागच्या बाया हसल्या, शेवटी देवव्रतही चष्मा काढून डोळे पुसत हसत सुटले.

दोन दिवसांनी गोदावरी आणि इरासोबत पेणला जायला मात्र देवव्रतांचा पाय जड झाला. गाडी वडखळला आली. मग ते म्हणाले, "ताई, माझं ऐका. मिशी काढू, फेटा ठेवू. साधा पुरुषाचा चेहरा करू. सिनेमातला चेहरा बाईचा आहे. गावाच्या दारात हरेश्वर राऊत म्हणून बाई बसवली तर लोक हसतील."

"घरात ते कसे दिसायचे, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"मलाही नाही. मग नसलेला माणूस कशाला बनवायचा? जो आहे तो बसव."

सदाच्या कारखान्यात बिनरंगाचे गणपती ओळीनं बसले होते. फळीवर गौरींचे मुखवटे, डोळे अजून काढायचे होते. मधोमध ओल्या फडक्याखाली राजा हरेश्वर. सदानं फडकं काढलं. मिशी अशी पिळली होती, की कारागिराचा जीव त्यातच गुंतलेला दिसत होता.

इरानं फोनवर राणीचा चेहरा दाखवला आणि झालेली गंमत सांगितली. सदानं कपाळावर हात मारला. "आयला! चार दिवस मिशीवर घालवले मी. मावशी, आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"आम्हाला तरी परवाच कळलं, बाबा. उतरेल का?"

"माती ओली हाय, न उतरायला काय झालं." त्यानं देवव्रतांकडं बघितलं. "अध्यक्षसाहेब, नक्की ना? नथ आली, कुंकू आलं."

देवव्रत खाली बघत पुटपुटले, "लोक हसतील एवढंच माझं म्हणणं."

"हसू देत की," गोदावरी म्हणाली. "माझी आई पहिल्या दिवसापासून हसत होती. तिच्याएवढं कुणी हसायचं नाही आता." मग म्हणाली, "आणि ती भिंतीवरची तसबीर काढू नकोस रे. इरा त्या बाबाचं नाव शोधेल. इतकी वर्षं आमच्या घरचे हार मुकाट्यानं घेतलेत त्यानं. माणूस भला असणार."

देवव्रतांनी मान डोलावली. सदानं अंगठा पाण्यात बुडवला आणि दोन फटक्यांत मिशी पुसून टाकली. तिच्याखालून एक कोरं, ओलं तोंड वर आलं. सगळे उभे राहून बघत होते, पण सदा थांबला. फोन जवळ धरला, लांब धरला.

"गालाची हाडं ह्यात कळत न्हायत. पावडर लय लावलीया. मावशी, तुमी बसा जरा इथं. बापलेकीचं हाड एक असतंय. केस मागं घ्या, कानापासनं मोकळं पायजे मला."

गोदावरी स्टुलावर बसली. केस कसले, चांदीचे चार धागे. इरानं तिच्या मागं उभं राहून क्लिप काढली, बोटांनी केस विंचरले आणि विचारलं, "आजी, वेणी घालू? मला जेमतेम येते."

"घाल. तीनच तर पेड."

इराचे हात अडखळत होते. मधला पेड सारखा निसटत होता. ती गुणगुणू लागली, परवा ऐकलेलं, अर्धं विसरलेलं. गोदावरीनं चुकलेला शब्द सांगितला, पुढचा इरालाच आठवला. समोर सदाची बोटं मातीवर चालली होती. गालाचं हाड वर आलं, हनुवटीत खळी पडली. पाखाडीतल्या चाफ्याखाली धावत जाणाऱ्या पोरीला ती खळी कधी दिसली नव्हती.

वेणी संपली. इरा पुढं वाकली आणि मानेवर फुंकर घातली.

या वेळी गोदावरी उठली नाही. ती सावकाश मागं वळली आणि वेणी घालणाऱ्या पोरीचा चेहरा डोळे भरून बघत राहिली.